हवामान फेरी आणि मोफत कॉन्सर्ट: पहिल्यांदाच आयोजन करणाऱ्यांसाठी

फेरी काढणं हे एक काम आणि गाण्यांचा कार्यक्रम करणं हे दुसरं. दोन्ही एकाच दिवशी पाठोपाठ करायचे ठरवलं की एक तिसरंच काम अंगावर येतं: चालून दमलेली, तहानलेली, एकदम आलेली माणसं मैदानावर टिकवून ठेवायची. नवखे गट सगळी ताकद मार्गावर आणि कलाकारांवर खर्च करतात आणि फसतात ते मधल्या वीस मिनिटांत. फेरीचं टोक पोचतं, स्टेजवर अजून 'चेक, चेक, वन, टू' चाललेलं असतं, पाण्याशी रांग लागलेली असते आणि निम्मी माणसं घरची वाट धरतात. मागणी ज्यांच्यासमोर मांडायची तीच माणसं मग उरत नाहीत.

खालचे आकडे साधारण हजार माणसं धरून दिले आहेत. दोनशे-तीनशे येणार असतील तर त्या प्रमाणात कमी करा. पाच हजारांच्या पुढे जाणार असाल तर गर्दीचं नियोजन व्यवसाय म्हणून करणाऱ्या माणसाला सोबत घ्या. तिथे हा लेख पुरणार नाही.

मागणी आधी, तारीख नंतर

'पृथ्वी वाचवा' ही मागणी नव्हे. तिला कोणी नकार देत नाही आणि म्हणूनच तिच्यावर कोणी काही करतही नाही. मागणीत तीन गोष्टी हव्यात: कोणी करायचं, काय करायचं आणि कधीपर्यंत. 'यापुढे शहरासाठी घेतली जाणारी प्रत्येक नवी बस विजेवर चालणारी असावी, आणि तसा ठराव पुढच्या अर्थसंकल्पी सभेत यावा' ही मागणी झाली. समोरच्याला तिच्यावर 'हो' किंवा 'नाही' म्हणावं लागतं. एकच मुख्य मागणी ठेवा. गट मोठा असला की प्रत्येकाची एक मागणी जोडत जोडत अकरा कलमांचं निवेदन तयार होतं, आणि वाचणारा त्यातलं सगळ्यात सोपं कलम उचलून चार रोपं लावून मोकळा होतो. बाकीच्या मागण्या फलकांवर येऊ द्या. निवेदनात आणि स्टेजवर एकच.

तिच्यासोबत एक पानभर माहिती तयार करा. ती निवेदकाला, वक्त्यांना आणि कलाकारांनाही आठवडाभर आधी द्या, कारण माइक हातात आला की माणसं काहीही बोलतात आणि दुसऱ्या दिवशी विरोधक तेवढंच उचलतात. पानावर एवढं पुरे: औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत हे मोजमाप १९५८ पासून चालू आहे. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ २ अंश सेल्सियसच्या बरीच खाली ठेवायची आणि १.५ अंशावर रोखायचा प्रयत्न करायचा, असं ठरलं. त्या १.५ अंशाच्या वाटेवर राहायचं तर जगाचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत सुमारे ४३ टक्के कमी व्हायला हवं, असं आयपीसीसीचा (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय मंडळाचा) सहावा अहवाल सांगतो.

हमखास होणाऱ्या तीन चुकाही त्याच पानावर लिहा. ओझोनचं छिद्र हे तापमानवाढीचं कारण नाही, तो वेगळा प्रश्न आहे. २०२४ हे वर्ष १.५ अंशाच्या वर गेलं, पण म्हणून करारातली मर्यादा कायमची ओलांडली असं म्हणता येत नाही, कारण ती अनेक वर्षांच्या सरासरीवर ठरते. आणि 'बारा वर्षांत जग बुडणार' असं आयपीसीसीने कधीच म्हटलेलं नाही. २०१८ च्या अहवालात २०३० पर्यंत उत्सर्जन किती घटायला हवं एवढंच सांगितलं होतं, त्याचा अर्थ लोकांनी परस्पर तसा लावला.

मार्ग

दोन ते अडीच किलोमीटर पुरे. मुलं, म्हातारी माणसं आणि फलक घेऊन चालणारा घोळका ताशी तीन किलोमीटरच्या वर जात नाही, म्हणजे मिनिटाला पन्नास मीटर. अडीच किलोमीटरला पन्नास मिनिटं, वर चौकात थांबण्याची दहा. यापेक्षा लांब फेरी ठेवली तर कार्यक्रमासाठी माणसांत जीव उरत नाही.

फेरी मैदानावर संपली पाहिजे. निघालो तिथेच परत येणारा गोल मार्ग सोयीचा वाटतो, पण त्यात माणसांना गाड्या समोर दिसतात आणि ती निघून जातात. सुरुवात आणि शेवट दोन्ही ठिकाणं बस किंवा रेल्वेपासून चालण्याच्या अंतरावर असावीत. अशा कार्यक्रमांच्या कार्बन उत्सर्जनात सहसा सगळ्यात मोठा वाटा प्रेक्षकांच्या प्रवासाचा असतो. तो तसाच ठेवून स्टेजवर बांबूचे पेले मिरवण्यात अर्थ नाही.

मार्ग प्रत्यक्ष चालून बघा, आणि त्याच वारी, त्याच वेळेला. सोबत मोजपट्टी, वही आणि शक्य झालं तर चाकाची खुर्ची वापरणारा एक माणूस घ्या. सगळ्यात अरुंद जागा कुठे आणि किती रुंद, पायऱ्या कुठे, रस्ता कुठे खणलेला, सावली कुठे, रुग्णवाहिका आत कुठून येईल, खाली लोंबणाऱ्या तारा कुठे (उंच फलक आणि झेंड्यांसाठी हे महत्त्वाचं) हे सगळं लिहून काढा. चाकाची खुर्ची जिथे अडेल तिथे बाबागाडीही अडणार. उतार करावा लागला तर एक फूट चढाला बारा फूट लांबी, याहून तीव्र नको.

परवानग्या आणि पैसे

नियम जागेप्रमाणे बदलतात, पण खाती साधारण तीच: पोलीस, वाहतूक, स्थानिक स्वराज्य संस्था, मैदानाचा मालक, ध्वनिक्षेपक, अग्निशमन. सहा ते आठ आठवडे आधी अर्ज करा. फेरी आणि कार्यक्रम यांच्या परवानग्या बहुधा वेगळ्या असतात. एक मिळाली की दुसरी मिळाल्यासारखीच, असं धरून चालणं महागात पडतं. मिळालेल्या प्रत्येक पत्राच्या तीन छापील प्रती दिवसभर जवळ हव्यात: एक फेरीच्या पुढे, एक मागे, एक स्टेजवर. फोनवरचा फोटो ऐन वेळी उघडत नाही.

दुसऱ्याची गाणी जाहीरपणे सादर करायला बऱ्याच देशांत परवाना लागतो, तिकीट नसलं तरीही. त्याची चौकशी आधीच करा.

आणि 'मोफत' हे प्रेक्षकांसाठी. साउंडवाला, स्टेज बांधणारे, वीजजोडणी करणारे यांना पूर्ण मोबदला द्या. कलाकार फुकट गात असतील तर प्रवासखर्च तरी द्या आणि तसं आधीच लिहून कळवा. अंदाजपत्रकात दहा ते पंधरा टक्के रक्कम राखीव ठेवा. प्रायोजक घ्यायचा असेल तर आपल्या मागणीशी त्याचा धंदा विसंगत नाही ना, हे आधी बघा. तेल कंपनीच्या बॅनरखाली हवामानाची गाणी झाली तर बातमी त्या बॅनरचीच होते. देणगीचे डबे मोहोरबंद ठेवा आणि दोघांनी मिळून मोजा.

परवानगी ऐन वेळी रद्द झाली तर? नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ल्यांनंतर हवामान मोर्चावर बंदी आली, तेव्हा लोकांनी प्लास द ला रेपुब्लिक या चौकात हजारो जोडे मांडून ठेवले. ती छायाचित्रं जगभर गेली. तुमचाही एक बिनफेरीचा पर्याय तयार असू द्या.

फेरीची रचना

पुढे मुख्य मागणीचं कापड. त्यामागे लगेच चाकाच्या खुर्च्या, मुलं, वयस्क माणसं आणि ज्यांना उन्हापावसाचा फटका आधी बसतो ते: शेतात, समुद्रावर, रस्त्यावर काम करणारे. याला मानाचं कारण आहेच, पण व्यवहाराचंही आहे. हळू चालणारे पुढे असले की सगळी फेरी त्यांच्या वेगानं चालते आणि तुटत नाही. त्यांना मागे ठेवलं तर पुढचे भरभर निघून जातात आणि मध्ये दोनशे मीटरची पोकळी पडते, वाहतूक पोलीस त्या पोकळीतून गाड्या सोडतात आणि एका फेरीच्या दोन होतात.

दर तीस-चाळीस माणसांमागे एक स्वयंसेवक, म्हणजे हजाराला सुमारे तीस. त्यातले दोघं सगळ्यात पुढे वेग धरायला, दोघं सगळ्यात मागे. मागच्यांच्या मागे कोणी राहता कामा नये, एवढंच त्यांचं काम. प्रत्येक चौकात चौघं. बाकीचे दोन्ही कडांना, गाड्यांच्या बाजूला जास्त. पुढच्या आणि मागच्या जोडीत थेट संपर्क हवा आणि मागच्यानं दर दहा मिनिटांनी 'शेवट अमुक ठिकाणी' असं सांगायचं. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं, म्हणून वॉकीटॉकी मिळाले तर उत्तम. भांडण उकरणारा कोणी भेटला तर स्वयंसेवकानं त्याच्याशी वाद घालायचा नाही. त्याच्या आणि फेरीच्या मध्ये उभं राहायचं आणि फेरी चालती ठेवायची.

ढोल-ताशे असतील तर एकच पथक आणि ते मधोमध. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटर अंतरावर दुसरं पथक ठेवलंत तर दोघांत जवळजवळ एक तृतीयांश सेकंदाचा फरक पडतो, आणि त्यांना ताल कधीच जुळवता येत नाही. त्यांच्यामधली माणसं तर अक्षरशः दोन ठेक्यांत अडखळत चालतात. घोषणांचंही तसंच. दर सव्वाशे-दीडशे माणसांमागे बॅटरीवरचा एक छोटा स्पीकर किंवा भोंगा द्या, पण प्रत्येक तुकडीनं आपापली घोषणा आपापल्या लयीत द्यावी. सगळ्या फेरीला एका सुरात बोलवायचा हट्ट धरला की नुसता कोलाहल होतो.

कापडी फलक

इथे जरा रेंगाळू, कारण छायाचित्रात उरतो तो हाच. पाच मीटर लांब, एक मीटर उंच सुती कापड घ्या. फ्लेक्स नको. तो पीव्हीसी या प्लास्टिकचा असतो आणि हवामानाच्या फेरीत तो धरून चालणं हा स्वतःच एक विनोद आहे. आरामात वाचता यावं म्हणून दर तीन मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंची हवी. तीस मीटरवरून वाचायचं तर अक्षर पंचवीस सेंटिमीटरचं. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची. वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार धरून एका ओळीला पंचेचाळीस सेंटिमीटर लागतात. म्हणजे एक मीटर कापडात दोनच ओळी, आणि पाच मीटर लांबीत ओळीला साधारण वीस अक्षरं. मागणी आठ-दहा शब्दांत का बसवायची, ते इथे कळतं. आधी पेन्सिलीनं शिरोरेषा आखा. ती वाकली की सगळं वाकतं. रेघेची जाडी उंचीच्या सातव्या हिश्शाइतकी ठेवा. पांढऱ्यावर पिवळं आणि लालवर निळं लांबून दिसत नाही. पांढऱ्या किंवा पिवळ्या कापडावर काळं दिसतं. जोडाक्षरं फार असलेले शब्द टाळा, लांबून त्यांचा डाग होतो.

वारा ताशी ३६ किलोमीटर असेल तर या पाच चौरस मीटर कापडावर तीसेक किलोचा जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणून धरायला दोघं नाहीत, पाच-सहा जण हवेत, आणि काठ्या दोन्ही टोकांना व मध्ये एक. कापडाला चंद्रकोरीसारख्या चिरा देण्याची पद्धत आहे, पण तिचा उपयोग फारसा होत नाही, कापड मात्र फाटायला लागतं. वारा वाढला तर फलक सरळ गुंडाळा.

मधली वीस मिनिटं

आता मुख्य भाग. हजार माणसं, तीन मीटर रुंद रस्ता, चौरस मीटरला एक माणूस: फेरीची लांबी कागदावर सव्वातीनशे मीटर होते. प्रत्यक्षात फटी पडून ती साडेपाचशेपर्यंत जाते. मिनिटाला पन्नास मीटरनं टोक पोचल्यावर शेपूट यायला अकरा मिनिटं, मधल्या चौकांत तुटली तर वीस. या वेळात मैदानावर काहीच नसेल तर आधी आलेले कंटाळतात. मुख्य कलाकारानं सुरुवात केली तर मागून येणाऱ्यांना फसवल्यासारखं वाटतं आणि ते आत शिरण्यासाठी रेटा लावतात.

यावर तोडगा असा. ध्वनिचाचणी फेरी निघण्याआधी पूर्ण संपलेली असावी, आणि त्यानंतर मिक्सरला कोणी हात लावायचा नाही. मैदानावर एक लहान गट आधीच तयार ठेवा: तालवाद्यं, साधं समूहगान, दोन ओळींचं धृपद जे कोणीही लगेच उचलेल. फेरीचं टोक दिसलं की त्यांनी सुरू करायचं आणि मागची जोडी 'शेवट आत आला' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. हे गाणं फेरी निघतानाच सगळ्यांना दोनदा म्हणून दाखवलेलं असलं तर आत येणारा माणूस गातच आत येतो. शेवट आत आला की पाच मिनिटांत पहिला मोठा कलाकार. निवेदकाची प्रस्तावना एक मिनिट, दीपप्रज्वलन आणि सत्कार अजिबात नाहीत.

दार किती रुंद, हेही इथेच ठरतं. सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ऐंशी माणसं सुरळीत जातात. दार फेरीच्या रुंदीपेक्षा अरुंद ठेवू नका. पिशव्या तपासायची अट असेल तर हिशेब पार बदलतो: एक तपासनीस मिनिटाला दहा माणसं, चौघं असतील तर हजारांना पंचवीस मिनिटं. अकरा मिनिटांत सगळे पोचले तर तेव्हा साडेपाचशे माणसं बाहेर ताटकळत असतात. अशा वेळी फेरी सुरू होण्याच्या जागीच पिशव्या तपासून मनगटाला कापडाची पट्टी बांधा.

आणि पाणी. सगळ्यांना एकाच वेळी तहान लागते, हे नियोजनात कोणाच्याच लक्षात येत नाही. एका नळावर बाटली धरणं, भरणं, बाजूला होणं यात बारा सेकंद जातात, म्हणजे मिनिटाला पाच जण. वीस मिनिटांत हजार जणांना पाणी द्यायचं तर दहा नळ लागतात. दोन टाक्या आणि प्रत्येकीला एक तोटी ठेवली की शंभर माणसांची रांग ठरलेली. टाक्यांना प्रत्येकी पाच तोट्यांची नळी जोडा, एक टाकी दारापासून लांब ठेवा आणि बाटली आणायला आधीच्या प्रत्येक संदेशात सांगा. एकूण पाणी माणशी दीड लिटर धरा. ऊन असेल तर तासाला अर्धा लिटर तरी.

स्टेज, आवाज, वीज

मैदानावर प्रेक्षकांसाठी चौरस मीटरला दोन माणसं धरा, म्हणजे हजारांसाठी पाचशे चौरस मीटर, उदाहरणार्थ वीस बाय पंचवीस. स्टेजच्या बाजूची, झाडामागची, जिथून काही दिसत नाही ती जागा यात मोजू नका. घनता चारच्या वर गेली की गर्दी धोकादायक व्हायला लागते, हलत्या गर्दीत त्याही आधी. बाहेर पडायला किमान दोन वाटा, प्रत्येकी अडीच ते तीन मीटर, म्हणजे एक बंद पडली तरी पाच मिनिटांत मैदान रिकामं होतं. त्यांना कुलूप नको आणि समोर गाडी उभी नको. एखाद्या लोकप्रिय गायकानं आदल्या रात्री स्वतःच्या पेजवर टाकलं की हजाराचे तीन हजार होतात, म्हणून मैदानाची क्षमता कलाकारांना आधीच सांगा आणि जाहिरातीतही छापा.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. एक मीटरवर १२५ डेसिबल देणारा स्पीकर पंचवीस मीटरवर ९७ देतो. एवढ्या मैदानाला दोन चांगले स्पीकर आणि दोन सबवूफर पुरतात, भिंत रचायची गरज नाही. स्पीकरची खालची कड पुढच्या रांगेच्या डोक्यांवरून जायला हवी. तो खाली ठेवला की पुढच्यांचे कान फाटतात आणि मागच्यांना शब्द कळत नाहीत. शब्द कळले नाहीत तर मागणीही कळली नाही. शिट्टी वाजते ती माइक मुख्य स्पीकरच्या पुढे आला की. माइकवाल्यानं स्पीकरच्या मागेच राहायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मानकात पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही वरची मर्यादा आहे. मुलं येणार असतील तर बरंच खाली राहा.

विजेचा अंदाज सगळे भरमसाट लावतात. हजार वॉटचा स्पीकर गाणं चालू असताना सरासरी दीडशे ते अडीचशे वॉटच घेतो. चार स्पीकर, मिक्सर, वाद्यांचे अँप्लिफायर आणि आठ एलईडी दिवे मिळून दीड किलोवॉट, चार तासांचे सहा युनिट. जवळच्या इमारतीतून जोडणी मिळाली तर तीच घ्या. नाहीतर दहा युनिटची बॅटरी. जनरेटरच घ्यावा लागला तर पाच केव्हीए क्षमतेचा. भाड्यानं देणारा पंचवीसचा गळ्यात मारायला बघतो. मोठं यंत्र क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी भारावर चालवलं की डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते आणि धूर येतो. एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, हेही लक्षात असू द्या.

सायकल मारून वीज करायची कल्पना दर वेळी कोणीतरी मांडतंच. साधा माणूस सलग ७५ वॉट देतो, म्हणजे दीड किलोवॉटला वीस जण आणि ते चार तास. फोन चार्ज करण्यासाठी एक सायकल ठेवा, मुलांची मजा होते. कार्यक्रम तिच्यावर विसंबून नको.

केबल मात्र जाड घ्या. ५० मीटर अंतरावर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकून १५ अँपिअर ओढले तर १८ व्होल्ट वाटेतच जातात, आणि २३० चे २१२ झाले की काही यंत्रं कुरकुरायला लागतात. चार चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट सातच्या आसपास येते. अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच), जोड जमिनीपासून उचललेले आणि झाकलेले. यात तडजोड नाही.

कार्यक्रमाचा क्रम

प्रत्येक कलाकाराला पंधरा ते वीस मिनिटं. ड्रमसेट, बास अँप्लिफायर आणि की-बोर्डचा स्टँड सगळ्यांना सामाईक ठेवा, नाहीतर दर बदलाला वीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात मैदान ओसरतं. सामाईक सामानावर बदल पाच-सात मिनिटांत होतो. त्याच वेळात भाषणं बसवा, प्रत्येकी तीन मिनिटं.

मागणी शेवटी वाचायची हा मोह टाळा. शेवटच्या गाण्यापर्यंत माणसं पांगलेली असतात, पालक मुलांना घेऊन गेलेले असतात, छायाचित्रकारांचं काम झालेलं असतं. गर्दी सगळ्यात दाट असते ती पहिल्या मोठ्या कलाकारानंतर लगेच. मागणी तेव्हाच वाचा आणि निवेदन ज्याला द्यायचं त्याला तेव्हाच स्टेजवर बोलवा. त्यानं भाषण करायचं नाही, निवेदन घ्यायचं आणि उत्तर कोणत्या तारखेला देणार ते सांगायचं, असं आधीच लेखी ठरवून घ्या. आला नाही तर रिकामी खुर्ची ठेवून टोमणे मारण्यापेक्षा निवेदन जमावासमोर वाचून 'अमुक दिवशी कार्यालयात देणार, सोबत या' म्हणा.

मागणीआधी दोन मिनिटं शांतता ठेवून बघा. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या हवामान मोर्चात दुपारी १२:५८ ला सगळे गप्प झाले आणि एक वाजता एकदम गजर झाला. लहान गर्दीतही हे चालतं, फक्त स्वयंसेवकांनी हात वर करून खूण दिली पाहिजे. माइकवरून 'शांत राहा' ओरडून शांतता येत नाही.

ऊन, पाऊस, वीज, स्वच्छतागृहं

उन्हाच्या दिवसांत फेरी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. घाम, चक्कर, मळमळ असेल तर सावली आणि पाणी. माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात: रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत ओल्या कापडानं, वाऱ्यानं अंग गार करत राहा. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांच्या आत असेल तर कार्यक्रम थांबवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पुन्हा सुरू करू नका. माणसांना पक्क्या इमारतीत पाठवा. मांडव हा आसरा नव्हे. थांबवण्याचा निर्णय कोण घेणार त्या एका व्यक्तीचं नाव आदल्या दिवशी ठरवा. पाच जणांनी चर्चा करत बसायची ही वेळ नसते.

स्वच्छतागृहं शंभर बायकांमागे किमान एक, पुरुषांसाठी कमी चालतात. एक रुंद, चाकाची खुर्ची वळेल असं. दिवे आतही हवेत.

मोजणी आणि पाठपुरावा

मार्गातल्या अरुंद जागी दोघांना उभं करा. दर पाच मिनिटांतलं एक मिनिट मोजायचं आणि बेरजेला पाचनं गुणायचं. फेरी दहा-पंधरा मिनिटांतच जाणार असेल तर सरळ सगळीच मोजा. जो आकडा येईल तोच सांगा. आठशेचे पाच हजार केले की पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही, पोलिसांच्या नोंदीशी ताडून पाहणारे पत्रकार तर नाहीच.

सह्यांच्या कागदावर नाव आणि वस्ती एवढंच सक्तीचं, फोन ऐच्छिक, आणि तो कशासाठी वापरणार हे वर लिहिलेलं. हे कागद कलाकार बदलताना फिरवा, दारावर नाही. दारावर रांग अडते. संपल्यावर अठ्ठेचाळीस तासांच्या आत सगळ्यांना एक संदेश: किती आले, मागणी कोणी स्वीकारली, उत्तराची तारीख कोणती, पुढची बैठक कधी. फोन दिलेल्यांपैकी जे बैठकीला येतील तेच पुढचं काम करणार. हजारांतले तीस आले तरी भरपूर झाले.

कापडी फलक पूर्ण वाळवून गुंडाळून ठेवा. घडी घातली तर रंग घडीवर तडकतो. उत्तराच्या तारखेच्या आठवडाभर आधी एक लेखी आठवण पाठवा आणि पोच घ्या. तारीख उलटून गेली तर दुसऱ्याच दिवशी पाच-सात जण पोचपावती घेऊन कार्यालयात जा, नवी तारीख लेखी मागा आणि ती सह्या केलेल्या सगळ्यांना त्याच संध्याकाळी कळवा.